तीनपैकी एक जागा

१२ एप्रिल

शाळा सुटायच्या वेळी दादा फाटकाशी उभा होता. असा तो कधीच येत नाही. मला वाटलं, वहिनीला काही झालं की काय! तर म्हणाला, "काही नाही गं. चहा पाजतेस का?"

कोपऱ्यावरच्या दुकानात चहा अर्धा संपल्यावर त्याने सांगून टाकलं. आमच्या युवक संघटनेच्या शिबिरांच्या तीन जागा आहेत, त्यांतली एक विकायची.

मला आधी कळलंच नाही. विकायची? "जुनं कपाट काढायचं असल्यासारखं काय सांगतोस!" मी एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारचे वळून बघायला लागले. दादा शांत. अध्यक्ष झाल्यापासून तो कशानेच तापत नाही. म्हणाला, मुलं कमी झालीत, तिन्ही छपरं गळतात, तिन्हींची डागडुजी आता झेपत नाही. एक गेली तर उरलेल्या दोन धड राहतील.

"कोणती विकायची ते ठरवायला समिती नेमलीय. खजिनदार, शिबिरप्रमुख आणि तू."

"मी? मला जमिनीतलं काय कळतं?"

"जागा तर लहानपणापासून माहीत आहेत ना? आणि तुला बोलता येतं. आणि..." पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं.

मी मुलांना वक्तृत्व शिकवते, म्हणजे बोलता येतं हे खरं. घरी पोचते न पोचते तोच वहिनीचा फोन. "घेतलंस ना काम? घे बाई, नाही म्हणू नकोस." हिला कसली एवढी घाई कोण जाणे. पण माझा नवरा घर सोडून गेल्याला दोन वर्षं होतील, आणि या दोन वर्षांत मला कुणी काही करायला सांगितलं असेल तर ते आजच. म्हणून ही वही काढली.

२१ एप्रिल

दोन जागा बघून झाल्या. तिघंच गेलो. खजिनदारांना सगळे कात्री म्हणतात, तोंडावरसुद्धा. कुठलाही खर्च दिसला की ते कापणार. त्यांना त्याचा अभिमानच आहे. शिबिरप्रमुख पोरगी म्हणजे शिट्टी. पंचविशीची असेल. गळ्यात कायम शिट्टी, आणि हाक मारली की खरोखर शिट्टीसारखी दचकवणारी "ओ!" देते.

माळावरची जागा म्हणजे नुसतं सपाट मैदान आणि पत्र्याच्या दोन लांब खोल्या. सावली नावाला नाही. या जागेवर कुणाचं प्रेम नाही, तशी तिला मागणीही नाही. कात्री म्हणाले, "हिला फुकट दिली तरी घेणारा वर गाडीभाडं मागेल."

तळ्याकाठची छान आहे. शिट्टीने बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ उठलीच नाही. तिथे ती पोहायला शिकली म्हणे. छान आहे, पण माझं मन तिथे नाही. ते कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि दादालाही.

२८ एप्रिल

डोंगर! इतक्या वर्षांनी. वळण घेऊन गाडी वर आली आणि ते लांब लाकडी सभागृह दिसलं, तेव्हा मला रडूच फुटलं. कात्रींनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

दादा आणि मी इथे लहानाचे मोठे झालो असं म्हटलं तरी चालेल. इथेच मी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं, टेबलावर उभी राहून, आणि दादाने खालून टेबलाचा पाय धरून ठेवला होता.

जागा म्हातारी झालीय, पण काय गोड म्हातारी! सभागृहाचं दार आता खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. शिट्टी म्हणाली मागच्या वर्षी तासून घेतलं होतं, पुन्हा अडकायला लागलं. पायऱ्या भिंतीपासून सुटल्यात. मधल्या फटीत माझा अख्खा हात गेला, आणि आत चक्क मांजरीची पिल्लं! बाहेरची झाडं सगळी एका बाजूला ओणवी झालीत, जणू आल्यागेल्याला वाकून नमस्कार करतायत. वरच्या अंगाचा झरा आटला म्हणून मला वाईट वाटलं, तर तो आता स्वयंपाकघराच्या मागेच फुटलाय. जरा गढूळ आहे, पण पाणी आपणहून दारात आलं की!

आणि मुलांनी शोधलेला खेळ. आमच्या वेळी हा नव्हता. शिट्टीने दाखवला. मागच्या भिंतीशी चेंडू नुसता ठेवायचा, ढकलायचा नाही. तो आपोआप निघतो आणि थेट दारापर्यंत जातो. मुलं शर्यती लावतात. मी चार-पाच वेळा खेळले. लहान मुलीसारखी हसत होते, असं कात्री नंतर म्हणाले, आणि ते त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं.

परतताना शिट्टीला विचारलं, "तुझी आवडती कोणती?"

"तळं," ती म्हणाली. "इथे मला झोप लागत नाही, ताई. भिंती बोलतात."

"म्हाताऱ्या माणसांना बोलायला लागतंच गं," मी म्हटलं. ती हसली नाही. आजकालच्या मुलांना विनोद कळत नाहीत.

६ मे

मी अजून संतापलेली आहे. कात्रींनी समितीत सरळ सांगितलं की विकायचा तर डोंगर विका. कुणी हॉटेलवाला मागतोय. त्याला तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचेत.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हा माणूस माझ्याबरोबर तिथे उभा होता, मला रडताना त्याने पाहिलं, आणि खिशात गिऱ्हाईक होतं! मी काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की "तुम्हाला काहीच आवडत नाही, म्हणून तुम्हाला सगळंच विकता येतं," असं म्हणाले. ते चष्मा पुसून म्हणाले, "बाई, भावना मलाही आहेत. पण छप्पर भावनांनी शाकारता येत नाही."

शिट्टी म्हणाली, "माझंही मत डोंगर विकण्याचं." कारण विचारलं तर खांदे उडवले. "सांगता येत नाही. नुसतं वाटतं." वाटतं! मुलांना मी हेच शिकवते की कारण देता येत नसेल तर व्यासपीठावर चढू नका.

दादाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हॉटेलवाल्याची माणसं येऊन जागा तपासणार आहेत. तोवर काही ठरत नाही. तू जेवलीस का?"

१९ मे

हॉटेलवाल्याने माघार घेतली! त्याची माणसं यंत्रं घेऊन दोन दिवस डोंगरावर होती, आणि आज त्याने दादाला फोन करून सांगितलं की जागा नको. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. काही जागांना आपलं माणूस ओळखता येतं, आणि परकंही.

दादाला म्हटलं, "बघितलंस? डोंगरानेच त्याला हाकललं!"

फोनवर त्याने विचारलं, "छोटे, ते दार अजून तसंच अडकतं का?"

"अडकतं. तू आलास की मी खांद्याने उघडून दाखवीन तुला."

"आणि तो चेंडू? खरंच आपोआप जातो?"

मला इतकं बरं वाटलं. मी सांगितलेलं सगळं त्याने लक्षात ठेवलंय. मग मी त्याला पुन्हा सगळं सांगत बसले, झरा, पिल्लं, झाडं. शेवटी तो म्हणाला, "किती दिवसांनी तुझा असा आवाज ऐकतोय." आवाज मात्र त्याचाच बसल्यासारखा वाटत होता. सर्दी झाली असेल.

७ जून

सर्वसाधारण सभा. जिंकलो!

हॉल खच्चून भरला होता. आधी कात्री उठले. "हॉटेलवाला मागे का फिरला ते सभेला कळायला हवं." दादा अध्यक्षांच्या खुर्चीवर होता. म्हणाला, "त्याचं मन बदललं." बस्स, एवढंच. एका वाक्यात कात्रींची हवा काढली.

मग मी. मी आयुष्यात इतकं चांगलं बोलले नव्हते. टेबलावर चढलेल्या मुलीचं सांगितलं, खाली पाय धरून बसलेल्या भावाचं सांगितलं. म्हटलं, तळी सगळीकडे असतात, पण आपल्याला वाढवणारा डोंगर एकच असतो. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत होते. शिट्टी उठून एवढंच म्हणाली, "मुलांना कुठे बरं वाटतं ते मुलांना विचारा ना," आणि बसली. बिचारी. मुद्दा चांगला होता, पण मांडता आला नाही.

हात वर करायची वेळ आली, तेव्हा भराभर हात वर गेले. तळ्याकाठची जागा विकायची ठरली. मी दादाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. अध्यक्ष मत देत नाहीत, तसा नियम आहे. पण हसायला तर नियमाची आडकाठी नव्हती.

सभा संपल्यावर वहिनीने मला घट्ट मिठी मारली. "कशी दिसत होतीस!" म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

३ ऑगस्ट

तळं गेलं. आज किल्ल्या दिल्या. नव्या मालकाने दुपारपर्यंत कुंपण घातलंसुद्धा. शिट्टी कुंपणाबाहेर उभी राहून रडत होती. मला अपराधी वाटलं, पण निवडायचं म्हटलं की काहीतरी सोडावंच लागतं.

दादा बारीक झालाय. वहिनी म्हणते झोपत नाही. कामाचा ताण, दुसरं काय.

२ ऑक्टोबर

सुट्टीतलं शिबिर दहा दिवसांवर आलं आणि आज मला कळतं की शिट्टीने मुलांची राहण्याची सोय सभागृहात केलेलीच नाही! सभागृहासमोरच्या ओढ्यापलीकडे मैदान आहे, तिथे तंबू ठोकणार म्हणे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि हिला तंबू सुचतायत. हरलेली माणसं अशी सूड उगवतात. मी तिला कार्यालयातच, दादासमोर, झापलं. "तुला ती जागा आवडत नाही म्हणून मुलांनी चिखलात झोपायचं का?"

ती नुसती दादाकडे बघत राहिली.

"तिला मीच सांगितलंय," दादा म्हणाला. "तंबूत मुलांना मजा येते."

"आणि सभागृह कशाला वाचवलं आपण? चेंडू खेळायला?"

"या वर्षी तंबू," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू." इतक्या वर्षांत त्याने माझ्याशी असा दरडावणीचा सूर लावल्याचं आठवत नाही. घरी आल्यावर मी खूप चिडचिड केली. मला वाटतं, मी जिंकले हे त्यालाच कुठेतरी खुपतंय. लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते लिहिलं.

१२ ऑक्टोबर

दादा गेला.

१५ ऑक्टोबर

लिहिलं नाही तर मला वेड लागेल. एकदाच लिहिते.

सकाळी भुरभुर पाऊस होता. मुलं ओढ्यापलीकडे तंबूंसमोर रांगेत उभी होती आणि शिट्टी त्यांना गाणं म्हणायला लावत होती. आवाज इकडेपर्यंत येत होता. उद्घाटन सभागृहात व्हायचं होतं. ते मीच ठरवलं होतं. खुर्च्या आदल्या दिवशी मांडून घेतल्या होत्या, फुलंसुद्धा लावली होती.

दादा आला आणि आल्याआल्या म्हणाला, "कार्यक्रम मैदानात घ्या."

मी छत्री घेऊन पायऱ्यांसमोर उभी होते. म्हटलं, "पावसात? पाहुणे भिजतील, मुलं भिजतील."

"भिजू देत."

"दादा, तुला झालंय तरी काय? सगळ्यांसमोर माझं हसं करायचंय का? ही जागा आपण राखली, आणि आता तिच्यात पाऊल टाकायला घाबरतोस! असा भित्रा कधी झालास तू?"

तो हसला. खरंच हसला, लहानपणी हसायचा तसा, एका गालाने. "आहेच गं भित्रा," म्हणाला. "थांब, तू इथेच थांब. मी आत बघून येतो, मग ठरवू. वर येऊ नकोस."

दाराला त्याने खांदा लावला. ते पटकन उघडेना. दोनदा लावला. मग आत गेला. आत त्याची पावलं ऐकू येत होती. मला राग आला होता, म्हणून मी पाठ फिरवून मुलांकडे बघत राहिले, आणि आवाज यायला लागल्यावर मला आधी वाटलं मागे कुणीतरी ट्रकमधून खडी ओततंय. इथे ट्रक कुठून आला, असा विचार मी केल्याचं मला स्वच्छ आठवतं. वळले. सभागृह खाली बसत होतं. कोसळलं नाही, बसलं, गुडघे गेलेल्या माणसासारखं. मग त्याच्या मागून झाडं चालत आली. उभीच्या उभी.

कुणीतरी माझा दंड धरून मला ओढलं. कात्री होते. आम्ही दोघं ओढ्यात पडलो. पलीकडे शिट्टी वाजत होती, एकसारखी, थांबतच नव्हती, आणि मुलं मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पळत होती.

मग ते थांबलं. पाऊस तसाच भुरभुरत होता. जिथे सभागृह होतं तिथे लाल ओली माती, आणि तिच्यावर एक खुर्ची, सरळ, कुणीतरी बसायला ठेवावी तशी.

एकाही मुलाला खरचटलं नाही.

मी त्याला भित्रा म्हणाले.

१९ ऑक्टोबर

तो काल सापडला. आज निरोप दिला.

एवढी माणसं आली की रस्ता भरला. जो तो एकच बोलत होता, तंबूंची बुद्धी त्यांना कुठून झाली असेल! एक आई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "देवमाणूस हो. त्यांना आतूनच कळलं असणार." मलाही तसंच वाटतंय. त्याला नेहमी आतून कळायचं. पण मग स्वतःपुरतं का नाही कळलं?

वहिनी रडत नाही. जो येईल त्याला पाणी देते. माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे. त्या पायऱ्यांसमोर मी त्याला काय म्हणाले ते तिला कुणीतरी सांगितलं असणार.

४ नोव्हेंबर

कात्री घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हातातली टोपी चुरगळत राहिले.

"बाई, सांगू की नको, असं चार दिवस चाललंय. तो हॉटेलवाला भेटायला आला होता. म्हणाला, मी तर तुमच्या अध्यक्षांना तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"डोंगर सरकतोय म्हणून. त्याच्या माणसांनी दोन दिवसांत ओळखलं. दार, पायऱ्या, झाडं, झरा. सगळं एकाच बाजूला चाललंय. एक पावसाळा निघेल, दुसऱ्याची खात्री नाही, असं सांगितलं होतं म्हणे."

मी भिंतीला टेकले. दार. पायऱ्या. झाडं. झरा. हे सगळं मीच तर दादाला फोनवर वाचून दाखवल्यासारखं सांगितलं होतं. टाळ्या वाजवून.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला माहीत असतं तर मी सभेत बोंब ठोकली असती. मी हिशेबी माणूस आहे, बाई. मी डोंगर विकायला निघालो होतो तो गिऱ्हाईक होतं म्हणून. खोटं कशाला बोलू?" मग त्यांना रडू आलं. या माणसाला मी काय काय म्हणाले होते. त्यानेच मला ओढलं.

दादाला माहीत होतं. मे महिन्यापासून. सभेत खुर्चीवर बसून म्हणाला, त्याचं मन बदललं.

मी हे वाक्य किती वेळा लिहिलं तरी ते मला कळत नाहीये.

८ नोव्हेंबर

दोन गोष्टी कानावर आल्या. बावीस तारखेला सभा आहे. तिच्यात दादाच्या सन्मानाचा ठराव येणार, "अनपेक्षित आपत्तीत मुलांचे प्राण वाचवताना..." असा. आणि दुसरा ठराव, ओढ्यापलीकडचं मैदान शाबूत आहे ते विकून टाकायचं. बाहेरगावचा घेणारा आहे. त्याला डोंगर कोसळलेला माहीत आहे. आधीपासून सरकत होता आणि दादाला ते माहीत होतं, हे माहीत नाही.

वहिनीला सांगायलाच हवं होतं. वाटेत शंभरदा शब्द जुळवले, एकही कामाचा नव्हता. शेवटी उंबऱ्यावरच बोलून टाकलं, "वहिनी, दादाला माहीत होतं."

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "ठाऊक आहे मला," म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ज्या दिवशी फोन आला त्याच दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं. तो हॉटेलवाला भाव पाडायला सांगत असेल, असंही म्हणाले. मग म्हणाले, पण खरं असलं तर? छोटीला कसं सांगू?" तिने ताट फडताळात ठेवलं. "मी म्हटलं, एवढ्यात सांगू नका. दोन वर्षांनी पोरगी हसायला लागलीय. एक शिबिर तंबूत होऊन जाऊ द्या, हिवाळ्यात दुसरा कुणी आणून तपासून घ्या, मग सांगा. मी म्हटलं हे. ह्यांनी नाही. मी."

मी खाली बसले. फरशीवरच.

"तुला समितीवर घ्या, हेही मीच सुचवलं होतं," ती म्हणाली. "घरात कोंडून घेतलं होतंस तू. म्हटलं, जरा बाहेर पडेल."

ती उभी, मी फरशीवर. मग मी विचारलं, "सभेत सांगू?"

"मला कशाला विचारतेस?" ती एकदम ओरडली. "विचारून विचारूनच तर हे झालं सगळं!"

२२ नोव्हेंबर

सभा झाली.

ठराव वाचला गेला. टाळ्या सुरू व्हायच्या आत मी उठले. समोर तेच लोक होते, जूनमधले. जिभेवर एकही चांगलं वाक्य येत नव्हतं. मी म्हणाले, "यातला अनपेक्षित हा शब्द काढा. दादाला मे महिन्यात सांगितलं होतं, डोंगर सरकतोय. त्याने सभेला सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. आणि मी सगळं डोळ्यांनी बघून आले होते, आणि तुमच्यासमोर त्याचं कौतुक केलं. मैदान विकायचं असेल तर घेणाऱ्याला हे आधी सांगा. मग त्याने घेतलं तर घेऊ दे."

गलका झाला. "गेलेल्या माणसावर चिखल उडवता?" "सख्खी बहीण ना तुम्ही?" जूनमध्ये डोळे पुसणारे ते गृहस्थ उभं राहून बोट दाखवत होते. मी बसले नाही.

मागच्या रांगेतून वहिनी उठली. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं.

"ती खरं सांगतेय," म्हणाली. "सांगू नका असं ह्यांना मी म्हटलं होतं. चिखल उडवायचा तर माझ्यावर उडवा. हे तर आधीच मातीखाली जाऊन आले."

तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "पण मुलं तर त्यांनीच वाचवली ना? तंबू त्यांचेच ना?" आणि सगळ्यांच्या माना हलल्या, माझीसुद्धा. खरं सांगते, मीही त्या वाक्याला लटकले.

शिट्टी उठली. आज गळ्यात शिट्टी नव्हती. "काकांनी मला नुसतं तंबू ठोक म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "कारण नाही सांगितलं. तो आवाज आला तेव्हा मुलं ओढ्याच्या काठाला होती, कारण मीच त्यांना गाणं म्हणत तिकडे नेलं होतं. आणखी थोडं नेलं असतं तर? मला कारण सांगितलं असतं ना, तर मी एकाही मुलाला त्या डोंगराजवळ आणलं नसतं. मला काका फार आवडायचे. पण ह्या ठरावाला माझा हात वर होणार नाही."

तिला मांडता येत नाही, असं मी या वहीत लिहिलंय.

ठराव बारगळला. मैदान विकायचं नाही असं ठरलं. त्याला कुंपण घालायचं, आणि डोंगर सरकतो अशी पाटी लावायची. शिबिरं यापुढे माळावर. ज्या जागेवर कुणाचंच प्रेम नव्हतं ती तेवढी उरली. हात वर करताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बाहेर पडलो. वहिनी माझ्यापुढे चालत होती, भराभर. दुकानं उघडी होती, लोक सामान घेत होते. चौकात ती अचानक थांबली आणि वळली.

"मला तुझा राग येतो," म्हणाली. "ह्यांचा येतो. माझा स्वतःचा येतो. कुणाचा आधी काढू तेच कळत नाही."

"माझा काढ," मी म्हटलं. "मी समोर आहे."

आणि तिने काढला. भर रस्त्यात. आवाज चढवून, हातातली पिशवी हलवून, लहानपणापासूनचे माझे हट्ट, माझं रडणं, माझी भाषणं, दादाला मी जन्मभर टेबलाखालीच कसं बसवलं ते. लोक थांबून बघत होते. एका दुकानदाराने विचारलंसुद्धा, काय झालं बाई? तिने त्यालाही सुनावलं. मी मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवसापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. आज पहिल्यांदाच कुणीतरी मनातलं सगळं तोंडावर बोललं, आणि मला श्वास घेता आला.

तिचा आवाज बसला तेव्हा ती थांबली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता निघून जाईल.

"उद्या ये घरी," ती म्हणाली. "अजून संपलेलं नाही माझं."